पेशी आधी विचारते

2023 च्या कार्तिकी एकादशीला आई पऱ्हाटीत पडली.

वेचणीचे दिवस होते. स्वतःचं अडीच एकर वेचून झालं की आई दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जाते, तशी त्या दिवशी गेली होती. सकाळी साडेसहाला, दव असताना. पंधरा-सोळा बाया, प्रत्येकीची आपापली पात, कमरेला ओटी. मोठीआई तिच्या शेजारच्या पातीवर होती, म्हणून पुढचं सगळं मला मोठीआईकडून कळलं. ती म्हणाली, तुझी माय आधी बोलेनाशी झाली. मग हसल्यासारखं करायला लागली. मग मोठीआईचं लक्ष तिच्या ओटीकडे गेलं. ओटीत कापसाबरोबर वाळका पाला होता आणि न उमललेली हिरवी बोंडं होती.

पस्तीस वर्षं कापूस वेचणारी बाई. तिच्या बोटांना बोंड उमललंय की नाही हे डोळ्यांआधी कळतं. ती बाई हिरवी बोंडं तोडून ओटीत भरत होती. माझ्या मनातून तो दिवस जायचा असेल तेव्हा जाईल, पण ती हिरवी बोंडं जाणार नाहीत.

नोव्हेंबरची थंडी असूनही तिचं पोलकं घामानं भिजलं होतं. मोठीआई "काय झालं वो?" म्हणेपर्यंत तिचे गुडघे वाकले. बाया गोळा झाल्या. कोणी म्हणालं बाहेरची हवा लागली, कोणी कांदा हुंगवायला मागितला. बहुतेकींचा उपास, त्यामुळे भाकरीचा डबा कोणाकडेच नाही. एकीनं फराळाला गूळ-शेंगदाणे बांधून आणले होते. मोठीआईनं गूळ पाण्यात कालवून तिला घोट घोट पाजला. आई गिळू शकत होती हे नशीब. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं. दहा-पंधरा मिनिटांत आई उठून बसली, आपली ओटी बघून चकित झाली, आणि उरलेली पात पुरी करतो म्हणाली.

सगळ्यांना वाटलं निभावलं. भावानं तिला मोटरसायकलवर घरी आणलं, ती झोपली. संध्याकाळी घरचे उठवायला गेले तर उठेना. पुन्हा तोच घाम. मी दारव्ह्याला नोकरीला आहे, शाळेत विज्ञान शिकवते. फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. दवाखान्यात पोचले तोवर तिचं बोट टोचून झालं होतं. यंत्रावर साखरेचा आकडा 41, धोक्याच्या खाली.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, आणि आई बोलती झाल्यावर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. विचारलं, "मावशी, गोळी कधी घेतली होती? आणि त्याच्या आधी काय खाल्लं होतं?"

आई म्हणाली, "गोयी सकायीच घेतली. पयल्या डाक्टरनं सांगतलं होतं, गोयी चुकवाची नाही. खाल्लं... आज उपास होता ना बापा. बिनसाखरेचा च्या पेलो."

त्याच्या दोन वर्षं आधी तिला शुगर निघाली तेव्हा तिला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. साखर बंद, आणि गोळी चुकवायची नाही. तिनं दोन्ही अक्षरशः पाळल्या. चिठ्ठीवर 'जेवणाआधी' असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं होतं की त्या शब्दानंतर जेवण येतं.

त्या रात्री मी तिच्या पायाशी बसून होते. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अंगात बराच वेळ काम करते, गुळानं वर आलेली साखर ती पुन्हा खाली ओढते, म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत सोडणार नाही. दहावीच्या वर्गात मी दरवर्षी सांगते: स्वादुपिंडातून रक्तातली साखर खाली आणणारं इन्सुलिन स्रवतं, ते कमी पडलं की मधुमेह होतो. एका वाक्यात आटपायचं, पुढच्या ग्रंथीकडे वळायचं. त्या वाक्याच्या आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. त्या रात्रीपासून मी ते शोधायला लागले, आणि शोधता शोधता एका माणसापाशी पोचले, ज्याच्या कामात माझ्या आईचं जवळजवळ सगळं दुखणं आधीच लिहून ठेवलेलं होतं.

त्याचं नाव निकोलस हेल्स. केंब्रिजचा जीवरसायनशास्त्रज्ञ. 1935 साली जन्मला, 2005 साली गेला. आपल्याकडे बँटिंग आणि बेस्ट यांची नावं तरी कुठेतरी छापून येतात, 1921 च्या टोरांटोची आणि इन्सुलिनची गोष्ट मुलांना सांगता येते. हेल्सचं नाव मी विज्ञान शिकवत असूनही कधी ऐकलं नव्हतं.

आधी स्वादुपिंडाविषयी. ते पोटात जठराच्या मागे आडवं असतं, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. 1869 साली बर्लिनमध्ये पाऊल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं सूक्ष्मदर्शकाखाली त्यात वेगळ्याच पेशींचे पुंजके पाहिले. त्यांचं काम काय ते त्याला उमगलं नाही, त्यानं दिसलं तसं लिहून ठेवलं आणि पुढे चाळिशी गाठूनच तो गेला. त्या पुंजक्यांना आज त्याच्या नावानं लँगरहान्सची बेटं म्हणतात. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं, पण सगळी मिळून वजन एक-दोन ग्रॅम. त्या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि बारीक कुप्यांत भरून ठेवतात. एकेका पेशीत दहा हजारांच्या आसपास कुप्या.

आता प्रश्न असा, की कुप्या कधी फोडायच्या हे पेशीला कोण सांगतं?

हे मी वर्गात आता मोरीच्या उदाहरणानं शिकवते, कारण पोरांना मोरी कळते. बांधाला मोरी उघडी असली की पाणी वाहून जातं, वावरात साचत नाही. बीटा पेशीच्या भिंतीत अशा मोऱ्या आहेत. त्यांतून पोटॅशियमचे धनभारित कण सतत बाहेर झिरपतात, त्यामुळे पेशीच्या आत धनभार साचत नाही आणि पेशी शांत राहते. आपण जेवलो की रक्तातली साखर पेशीत शिरते, जळते आणि तिच्यापासून एटीपी तयार होतं. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातला खर्चायचा पैसा. तो वाढला की स्वतः जाऊन मोरीला आतून बसतो. मोरी बंद. धनभार आत साचतो, पातळी चढते, आणि त्या चढाईनं दुसरी दारं उघडतात, कॅल्शियमची. कॅल्शियम आत घुसलं की कुप्या भिंतीला भिडतात, फुटतात, इन्सुलिन रक्तात उतरतं.

पोटॅशियमची ही मोरी एटीपीनं बंद होते हे हृदयाच्या स्नायूत 1983 साली जपानच्या अकिनोरी नोमा यांनी दाखवलं होतं. बीटा पेशीत ती सापडली 1984 मध्ये, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. ऑक्सफर्डला फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट यांना दिसलं की साखर दिली की मोरी मिटते. केंब्रिजला डॅनियल कुक आणि निकोलस हेल्स यांनी दाखवलं की मिटवणारा हात एटीपीचा आहे. या कामाची रीत मला फार आवडते. काचेची अतिबारीक नळी पेशीच्या भिंतीला लावायची, हळूच ओढून धरायची, आणि त्या इवल्याशा तुकड्यातून जाणारा विजेचा प्रवाह मोजायचा. एकेक मोरी उघडते-मिटते ती रेषेवर उमटते. माझ्या आईच्या पोटात हे रोज लाखो ठिकाणी चालतं आणि ते असं रेषेवर उतरवता येतं, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसले होते.

माणसाच्या पाच लिटर रक्तात एका वेळी विरघळलेली साखर किती असते? चार-पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. तेवढ्या चमचाभर साखरेवर मेंदू चालतो, हात चालतात, कापूस वेचला जातो. ती अर्धी झाली की माणूस हिरवी बोंडं तोडतो. म्हणून बीटा पेशी इतकी जपून वागते. ती देण्याआधी विचारते. साखर आत घेते, जाळून बघते, आपल्याच हातात किती आलं ते पाहते, आणि मगच मोरीला हात घालते. आई उपाशी असेल तर तिची पेशी मोरी उघडी ठेवते, कुपी फोडत नाही.

मग आईची साखर का गेली?

1942 साली, महायुद्धाच्या काळात, फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जांबाँ नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. काही रुग्णांना घाम सुटला, झटके आले, काही दगावले. त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिए यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की हे औषध रक्तातली साखर पाडतं. तिथून सल्फोनिलयुरिया या गोळ्यांचं घराणं निघालं. टॉल्ब्युटामाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड. शेवटचं नाव आईच्या पट्टीवर आहे, मेटफॉर्मिनच्या जोडीनं. मेटफॉर्मिन वेगळं, ते मुख्यतः यकृतावर काम करतं आणि एकटं असेल तर सहसा साखर धोक्याच्या खाली नेत नाही.

चाळीसेक वर्षं डॉक्टर सल्फोनिलयुरिया देत होते, पण गोळी पेशीत नेमकी कुठे बसते हे पक्कं कळलं नव्हतं. 1985 मध्ये हेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवलं. ती मोरीवरच बसते. एटीपीची वाट न बघता मोरी बंद करते.

हे वाक्य वाचलं तेव्हा मला एकादशीची सकाळ पुन्हा दिसली. बिनसाखरेचा चहा, ग्लिमेपिराइड, आणि दवातली पऱ्हाटी. पेशीनं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, की आज घरात काही आलेलं नाही, मोरी उघडी राहू दे. गोळीनं विचारलं नाही. मोरीत दगड बसला, कुप्या फुटत राहिल्या, इन्सुलिन उपाशी रक्तात उतरत राहिलं. त्यात चार तास वाकून वेचणी, म्हणजे स्नायू उरलीसुरली साखर ओढतच होते.

गोळीला मी वाईट म्हणणार नाही. हीच गोळी काही बाळांना नवं आयुष्य देऊन गेली आहे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होणारी काही बाळं असतात. 2004 साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्स्ली आणि ॲना ग्लॉयन यांच्या गटानं दाखवलं की त्यांतल्या बऱ्याच बाळांची मोरीच सदोष असते, एटीपीला दाद देत नाही, बंद होत नाही. अशा मुलांना गोळी दिली आणि अनेकांची इन्सुलिनची सुई कायमची सुटली. जी मोरी स्वतःहून मिटत नाही तिथे हा दगड वरदान आहे. शिवाय गोळी स्वस्त आहे. आमच्याकडे ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, तिथे स्वस्त असण्याला फार मोल आहे. पण जी गोळी पेशीसारखं आधी विचारत नाही, तिच्या वतीनं कोणीतरी माणसानं विचारायला पाहिजे. "जेवली काय?" आमच्या गावात वाटेत भेटणारी प्रत्येक बाई हा प्रश्न विचारते. चिठ्ठी लिहिताना तो विचारला गेला नव्हता.

इथपर्यंत आलं तरी माझ्या मनातला एक प्रश्न शिल्लक होता. आई मुळात बारीक. कापसाच्या काट्यावर गंमत म्हणून एकदा तिला उभं केलं तर एक्केचाळीस किलो भरली. तिला शुगर निघाली तेव्हा गावातली माणसं म्हणत, "शुगर त लठ्ठ लोकायले होते, इले कायची?" आणि मलाही ते पटत होतं.

इथे हेल्स पुन्हा भेटले, आणि मी चकित झाले. मोरीवर काम करणाऱ्या या माणसानं पुढे आपलं लक्ष एकदम दुसऱ्या टोकाला वळवलं. साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांच्या हाती हर्टफर्डशर परगण्याच्या जुन्या वह्या लागल्या होत्या. 1911 पासून तिथल्या मुख्य आरोग्य परिचारिका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली दर बाळाचं जन्माचं वजन, अंगावर पाजतात की बाटलीनं, आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन नोंदवलं जाई. 1948 पर्यंत या वह्या चालल्या. बार्कर आणि हेल्स यांनी त्या वह्यांतली, 1920 ते 1930 मध्ये जन्मलेली बाळं शोधली. बाळं आता साठी ओलांडलेली माणसं झाली होती. त्यांना साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं. 1991 साली निष्कर्ष छापले: जन्माला येताना आणि वर्षाचं होताना जे हलके होते, त्यांच्यात साठीनंतर साखर न पेलण्याचं आणि मधुमेहाचं प्रमाण जास्त. 1992 मध्ये दोघांनी त्यावर आपली मांडणी केली. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की ते काटकसर करतं. असेल ते आधी मेंदूला देतं. स्वादुपिंडाच्या आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. बीटा पेशी पुरेशा घडत नाहीत, आणि ही तूट पुढे भरून काढणं अवघड, कारण माणसात या पेशींची मोठी वाढ पोटात आणि पहिल्या काही वर्षांतच उरकते. बेल्जियमच्या लूव्हां इथल्या संशोधकांनी 1990 च्या सुमारास गाभण उंदरिणींना कमी प्रथिनांवर ठेवून पाहिलं, तेव्हा पिल्लांच्या बेटांत पेशींची वाढ कमी आढळली.

मोरीचा शोध लावणाऱ्या माणसालाच शेवटी असं वाटलं, की मोऱ्या किती आहेत हे ठरतं आईच्या पोटात.

1992 हे माझं जन्मवर्ष. आईचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. त्या दुष्काळाचा सगळ्यात मोठा घाव मराठवाड्यावर पडला, पण आमच्याकडचे कोरडवाहूवालेही होरपळले. आईची आई, म्हणजे माझी आजी, मिलोच्या भाकरी सांगायची. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, भाकर थापताना तुटायची, पोटात दगडासारखी बसायची. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. आजी पोटुशी असताना त्या कामावर होती. मी आईला विचारलं, जन्मली तेव्हा तुझं वजन किती होतं?

"मापलं कोणं?" ती म्हणाली. "बाई सांगे, सुपात टाकली त अर्ध्या सुपातच मावली."

हर्टफर्डशरच्या वह्या शंभर वर्षं टिकल्या. मी आमच्या अंगणवाडीत गेले. सेविकाताई ओळखीच्या, त्यांनी पत्र्याची पेटी उघडून दाखवली. नव्या वह्या आहेत, मोबाइलवर नोंद आहे, दर महिन्याला बाळांना झोळीत घालून काट्याला लटकवतात आणि वजन हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांत मांडतात. माझ्या जन्माच्या आसपासच्या वह्या मी मागितल्या. त्या एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ल्या. ताईंनी पेटीच्या तळातून एका वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर काढून माझ्या हातात दिलं, आत पानं नव्हती. एका बाईचं सुवाच्य अक्षर आणि एक साधा तराजू, एवढ्या भांडवलावर सत्तर वर्षांनी मधुमेहाचं एक मूळ उजेडात आलं. आमच्या ताईंचं अक्षरही तितकंच सुंदर आहे. त्यांच्या वहीला एक लोखंडी कपाट मिळावं, एवढंच मला त्या दिवशी वाटत होतं. पुढच्या महिन्याच्या पगारातून ते मी घेऊन दिलं.

आपल्या मातीतही हे काम झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. बाळं हाडकुळी, पण त्यांच्या अंगातली चरबी मात्र त्या मानानं फारशी घटलेली नाही. घटले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. बाहेरून बारीक दिसणारं माणूस आतून बारीक असतंच असं नाही, हे मी इथे शिकले.

आणि आता आणखी एक दार उघडलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटानं अतिशय हडकुळ्या मधुमेही तरुणांची बारकाईनं तपासणी केली. 2022 मध्ये त्यांनी दाखवलं की या रुग्णांत इन्सुलिनला शरीर दाद देत नाही अशी तक्रार फारशी नाही. त्यांचं दुखणं वेगळं: स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं. कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाची नोंद 1955 साली जमैकात झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 1985 मध्ये त्याला आपल्या यादीत जागा दिली आणि 1999 मध्ये काढून टाकली. एप्रिल 2025 मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला 'टाइप 5' असं नाव दिलं. हा आजार बहुतेकदा तिशीच्या आत दिसतो, म्हणून आईवर मी तो शिक्का मारत नाही. पण मेळघाटातल्या, आमच्या तांड्या-पोडांवरच्या पोरांना उद्या शुगर निघाली तर डॉक्टर त्यांच्याकडे लठ्ठ माणसाच्या चष्म्यातून बघणार नाहीत, एवढी आशा त्या नावानं मला दिली. ज्या शरीरात मुळात पेशी थोड्या, स्नायू थोडे, पोटात वेळेवर अन्न नाही, त्याला भरल्या पोटाच्या हिशेबानं औषध दिलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे.

आईची गोळी नंतर बदलली. रात्रपाळीच्या त्या डॉक्टरांनी मात्रा कमी केली, आणि चिठ्ठीवर 'जेवणाआधी'च्या जागी आपल्या हातानं लिहिलं, 'पहिल्या घासाबरोबर. घास नाही तर गोळी नाही.' आई वाचायला शिकली आहे दुसरीपर्यंत, तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ओटीच्या गाठीत आता साखरेची पुडी असते, तीन चमचे, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मोठीआईच्या ओटीतही एक असते. गेल्या वेचणीला मोठीआईनं बाकीच्या बायांनाही सांगितलं, की कोणाची ओटी हिरवी दिसली त आधी इच्यातली साखर काढा, कांदा मंग.

उपासाचं सोपं नव्हतं. तो तिचा आहे, तिच्या आईकडून आलेला, मी तो मोडायला सांगणार नव्हते. आषाढीला ती पंढरीकडे तोंड करून हात जोडते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला कुठल्या पेशीत सापडणार नाही. डॉक्टरांशी बोलून ठरवलं, की उपासाला ही गोळी घ्यायची नाही, सकाळी भगर खायची, आणि वावरात जायचं नाही. शेवटची अट तिला जड गेली. वेचणीचा एक दिवस म्हणजे मजुरीचा एक दिवस.

सगळ्यात अवघड गेलं ते वेळेवर जेवणं. आमच्या घरात बाया शेवटी जेवतात. आजी तशी जेवली, आई तशी जेवली, उरलं त्यात भागवून. सध्या वहिनीला सातवा महिना आहे. मी दिवाळीला गेले तेव्हा आईला हर्टफर्डशरच्या वह्यांची गोष्ट सांगितली होती. पोटातल्या बाळाच्या पेशींची, अर्ध्या सुपाची. ती काही बोलली नव्हती, तूर निवडत ऐकत होती.

परवा शनिवारी संध्याकाळी घरी पोचले. चुलीवर भाकर, तव्यावर जवसाची चटणी परतल्याचा वास. बाबा आणि भाऊ अजून वावरातून यायचे होते. चुलीपाशी दोन ताटं वाढलेली. एकात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वाटीभर घट्ट वरण, दुसऱ्यातही तेच. वहिनी अवघडून उभी होती, म्हणत होती, ते येऊ द्या ना आई, मग बसू.

आईनं पाण्याचा तांब्या ठेवला, गोळीची पट्टी पदराच्या गाठीतून काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि पाट पुढे सरकवला.

"बस वो तू. घास घेतल्याबिगर मले गोयी घेता येत नाही, अन् एकटीच्यानं मले जेवल्या जात नाही."